‘सीके’ आणि ‘सीएस’: ऑनलाइन दुकान अनोळखी यंत्राला कसं ओळखतं

मार्चचे दिवस होते, मसाल्यांचा हंगाम ऐन भरात आला होता आणि मावशीचा फोन आला. कुडाळात तिचा घरगुती मालवणी मसाल्याचा धंदा आहे. दोनेक वर्षांपासून स्वतःची वेबसाइटही आहे.

“अरे, त्या कुरिअरवाल्या मुलाने दोन ओळी मागितल्यात. एक ‘सीके’ने सुरू होते, एक ‘सीएस’ने. केवढ्या लांबलचक आहेत! व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू ना त्याला?”

“मावशी, थांब. टाकू नकोस.”

“का रे? त्याला ऑर्डरीच बघायच्यात ना?”

त्या “का रे?”चं उत्तर मला फोनवर धड देता आलं नाही. ते इथे देतो.

मावशीचं दुकान वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे आणि त्यातला दुकानाचा भाग वूकॉमर्स सांभाळतं. वूकॉमर्स २०११ मध्ये आलं. फुकट मिळतं, त्यामुळे छोट्या धंद्यांमध्ये भरपूर दिसतं. अशा दुकानाला दोन दारं असतात. पुढच्या दाराने गिऱ्हाईक येतं, फोटो बघतं, अर्धा किलो मसाला टोपलीत टाकतं. मागच्या दाराने माणसं येत नाहीत, यंत्रं येतात. कुरिअरचं सॉफ्टवेअर दर दहा मिनिटांनी येऊन विचारतं, ‘नव्या ऑर्डरी आहेत का?’ हिशेबाचं सॉफ्टवेअर रात्री येऊन दिवसाची विक्री घेऊन जातं. या मागच्या दाराला एपीआय म्हणतात. तिथे फोटो नाहीत, रंग नाहीत, नुसता कोरडा मजकूर. पण त्या मजकुरात सगळं असतं : गिऱ्हाइकाचं नाव, फोन, घरचा पत्ता, काय घेतलं, किती पैसे दिले. आणि हे दार नुसतं बघायचं नाही, बदलायचंही आहे. इथूनच भाव बदलता येतो, साठा शून्य करता येतो, ऑर्डर रद्द करता येते.

त्यातून या दारावरच्या राखणदाराला स्मृतिभ्रंश आहे. वेबवरची प्रत्येक रिक्वेस्ट सुटी असते. कुरिअरचं यंत्र दहा मिनिटांपूर्वी येऊन गेलं होतं हे सर्व्हरच्या लक्षात नसतं. रोज येणारा दूधवाला, पण रोज त्याला नव्याने विचारायचं, ‘कोण तुम्ही?’ म्हणून प्रत्येक खेपेला ओळख पटवावी लागते. ती पटवायची कशी, एवढाच हा सगळा विषय.

मावशीने वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये ‘नवी की’ म्हटल्यावर तिला दोन ओळी मिळाल्या. ‘सीके’ म्हणजे कन्झ्युमर की. हे झालं त्या यंत्राचं नाव. ‘सीएस’ म्हणजे कन्झ्युमर सिक्रेट, त्याचं गुपित. आडनावासारखं ते पुढचं ‘सीके’ किंवा ‘सीएस’ सोडलं तर प्रत्येकीत ४० अक्षरं, सोळा चिन्हांच्या संचातून यंत्राने आंधळेपणाने उचललेली. म्हणजे दोनचा १६०वा घात एवढ्या शक्यता. अंदाजाने गुपित ओळखायचा नाद कुणी करत नाही. चोर दुसऱ्या वाटेने येतात.

आता या दोन ओळी घेऊन दारावर गेल्यावर काय करायचं? इथे दोन घराणी आहेत. एक घराणं म्हणतं, गुपित सरळ दाखव. दुसरं म्हणतं, गुपित दाखवू नकोस, ते तुला माहीत आहे एवढं सिद्ध कर. हा फरक नीट कळला की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून मी यावर जरा रेंगाळणार आहे.

दाखवणाऱ्यांचं घराणं

याला बेसिक ऑथेंटिकेशन म्हणतात आणि नावाप्रमाणेच ते साधं आहे. ‘सीके’ लिहा, मध्ये अपूर्णविराम टाका, ‘सीएस’ लिहा. या सगळ्याचं बेस६४ नावाच्या लिपीत रूपांतर करा आणि रिक्वेस्टच्या कपाळावर, ऑथरायझेशन नावाच्या हेडरमध्ये चिकटवा. सर्व्हर ते उलगडतो, दोन्ही ओळी आपल्या वहीशी ताडून बघतो आणि दार उघडतो.

बेस६४ बघून लोक फसतात. नुसता अगम्य अक्षरांचा पुंजका दिसतो, त्यामुळे काहीतरी गुप्त केलंय असं वाटतं. तसं काही नाही. जुन्या दस्तातली मोडी आपल्यातल्या बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणून तो दस्त कुलपात आहे असं होत नाही. मोडी येणारा माणूस खाडखाड वाचून दाखवतो. बेस६४ वाचणारी यंत्रं तर गल्लोगल्ली आहेत. ती लिपी आहे, कुलूप नव्हे.

मग कुलूप कुठे आहे? ते रस्त्याला आहे. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असेल तर दोन यंत्रांमधला सगळा संवाद बंद नळीतून जातो. वाटेतला वायफायवाला, इंटरनेट कंपनी, चहाच्या टपरीवर बसलेला उचापती पोरगा, कुणालाच आतलं दिसत नाही. शिवाय समोरचं दुकान खरंच मावशीचं आहे, भलत्याने थाटलेलं नाही, याची खातरजमा सर्टिफिकेट करून देतं. नळी भक्कम असेल तर आत गुपित उघडं गेलं तरी बिघडत नाही. नळी नसेल तर हे घराणं पूर्ण निकामी. म्हणून साध्या एचटीटीपीवर वूकॉमर्स बेसिक पद्धत मानतच नाही.

सिद्ध करणाऱ्यांचं घराणं

आज हे ऐकून कुणी म्हणेल, मग लावा ना एचटीटीपीएस आणि मोकळे व्हा. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी सर्टिफिकेट विकत घ्यावं लागायचं, दरसाल नूतनीकरण, बसवायची कटकट. छोटे दुकानदार ते करत नसत. लेट्स एनक्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेने फुकट सर्टिफिकेटं सर्वांसाठी खुली केली ती २०१५च्या डिसेंबरात. क्रोमने सगळ्याच एचटीटीपी साइटींवर ‘सुरक्षित नाही’ची पाटी लावायला सुरुवात केली ती २०१८च्या जुलैत. त्याआधी रस्ता उघडाच असतो असं धरून चालावं लागे. उघड्या रस्त्यावरून गुपित न्यायचं नाही आणि तरी ओळख पटवायची, हा पेच होता. त्यावरचं उत्तर म्हणजे सही.

सहीच्या मुळाशी हॅश आहे, आणि हॅश मावशीला समजावणं सोपं गेलं, कारण तिचा धंदाच कांडपाचा. धणे, मिरची, लवंग, दगडफूल, त्रिफळ ठरलेल्या मापात घेऊन कांडलं की दर वेळी तोच मसाला. एक लवंग जास्त पडली तर वास बदलतो. आणि एकदा कांडल्यावर त्यातून अख्खे धणे परत काढता येत नाहीत. हॅश तसंच करतो. कितीही लांब मजकूर घाला, एसएचए-२५६ नावाचं कांडप त्याची कायम ६४ अक्षरांची पूड करतं. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तर पूड ओळखू येणार नाही इतकी बदलते. उलटं जाता येत नाही.

आता या मजकुरात गुपितही कांडून टाकायचं. कुरिअरचं यंत्र आपली रिक्वेस्ट घेतं, त्यात ‘सीएस’ मिसळतं, पूड करतं आणि रिक्वेस्टसोबत फक्त पूड पाठवतं. ‘सीएस’ जागचं हलत नाही. मावशीच्या सर्व्हरकडे तेच ‘सीएस’ आहे. तो आलेली रिक्वेस्ट घेतो, आपल्याकडचं ‘सीएस’ मिसळून स्वतः कांडतो आणि दोन्ही पुडी ताडून बघतो. जुळल्या तर दोन गोष्टी एकदम सिद्ध झाल्या : पाठवणाऱ्याला गुपित माहीत आहे, आणि ज्यावर सही झाली ते वाटेत कुणी बदललेलं नाही. दाखवणाऱ्या घराण्याला ही दुसरी गोष्ट स्वतःच्या बळावर कधीच जमत नाही.

मात्र मिसळायचं कसं, यात मोठी मेख आहे. पहिली सुचणारी युक्ती म्हणजे गुपित पुढे, मजकूर मागे, आणि कांडा. ही युक्ती फसते. एमडी५, एसएचए-१, एसएचए-२५६ ही कांडपं मजकूर डावीकडून उजवीकडे तुकड्यातुकड्याने खातात, आणि बाहेर आलेली पूड म्हणजे यंत्राची त्या क्षणाची स्थिती असते. म्हणून पूड हाती लागलेला माणूस, गुपित न कळताही, यंत्र तिथूनच पुढे चालू करून मजकुराच्या शेपटाला आपल्या ओळी जोडू शकतो आणि त्याची बिनचूक सहीसुद्धा काढू शकतो. हे पुस्तकी नाही. फ्लिकर या फोटोंच्या साइटच्या एपीआयमध्ये सह्या याच पद्धतीने, एमडी५ वापरून होत असत, आणि २००९ मध्ये दोन संशोधकांनी तिथे खोटी सही करून दाखवली.

शेपटाला ओळी जोडण्याचा हा धोका आपल्याकडे जुना आहे. शिवकालीन पत्रं पाहिलीत तर वर मुद्रा असते आणि मजकूर संपला की खाली आणखी एक छोटा शिक्का असतो : ‘मर्यादेयं विराजते’. मर्यादा इथे झाली, याच्यापुढे कुणी काही लिहिलं तर ते आमचं नव्हे. हाच तो मोर्तब. वरचा शिक्का कोण बोलतंय ते सांगतो, मोर्तब कुठे थांबलं ते सांगतो. ‘शिक्कामोर्तब’ या शब्दात दोन्ही आहेत आणि आपण तो नुसता ‘मंजुरी’ म्हणून वापरत बसतो. फ्लिकरच्या सहीला शिक्का होता, मोर्तब नव्हता.

मोर्तबासह सही करण्याची पद्धत तोवर जुनी झाली होती. १९९६ मध्ये मिहीर बेल्लारे, रान कानेटी आणि ह्यूगो क्रॉचिक यांनी एचमॅक मांडला. त्यात दोनदा कांडतात : गुपिताचं एक रूप मजकुरात मिसळून एकदा, आणि त्या पुडीत गुपिताचं दुसरं रूप मिसळून पुन्हा. बाहेर दिसते ती दुसरी पूड. पहिली कुणाला दिसतच नाही, त्यामुळे यंत्र तिथून पुढे चालू करण्याची सोय उरत नाही. आज तुम्ही ऑनलाइन पैसे भरता तेव्हा पडद्यामागे कुठे ना कुठे एचमॅक चालू असतो.

एचटीटीपीवर वूकॉमर्स जी पद्धत मागतं ती ओऑथ १.०ए, एकपायी प्रकारातली. ओऑथमध्ये एरवी तीन पक्ष असतात : दुकान, बाहेरचं अ‍ॅप आणि परवानगी देणारा माणूस. इथे माणूस वगळला आहे, यंत्राची ओळख यंत्राशी, म्हणून एकपायी. सहीसाठी मजकूर असा तयार होतो : आधी क्रियापद, म्हणजे वाचायचंय की लिहायचंय. मग पूर्ण पत्ता. मग सगळी परिमाणं (पॅरामीटर), म्हणजे पत्त्यासोबतचे तपशील, वर्णक्रमाने लावलेली. प्रत्येक भागाचं विशिष्ट नियमाने एन्कोडिंग, मध्ये अँड-चिन्हं. गुपिताच्या शेवटीही एक अँड-चिन्ह लावायचं, कारण तिथे एरवी माणसाने दिलेल्या टोकनचं, म्हणजे परवानगीच्या चिठ्ठीचं, गुपित येतं. ते नाही तर नाही, त्याची रिकामी खुर्ची तरी मांडायची.

या वर्णक्रमाने आणि एन्कोडिंगने भल्याभल्यांना रडवलंय. दोन्ही बाजूंनी अक्षरशः तोच मजकूर कांडला पाहिजे. पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली, रिकाम्या जागेसाठी टक्का-वीसऐवजी अधिकचं चिन्ह आलं, तर पूड वेगळी. सर्व्हर फक्त ‘सही जुळत नाही’ म्हणतो. काय जुळत नाही ते सांगू शकत नाही, कारण पुडीवरून कमी पडलेला धणा ओळखता येत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ एका तिरक्या रेघेपायी गेली आहे.

शिळी रिक्वेस्ट

सही झाली, तरी एक चोरवाट शिल्लक राहते. वाटेवरच्या माणसाला गुपित कळलं नाही, मजकूर बदलता आला नाही. पण सही केलेली अख्खी रिक्वेस्ट त्याने जशीच्या तशी उतरवून घेतली आणि उद्या पुन्हा पाठवली तर? सही खरीच आहे. ‘ही ऑर्डर रद्द करा’ ही रिक्वेस्ट एकदा ठीक. तीच ‘नवी ऑर्डर घाला’ असेल आणि पन्नास वेळा आली, तर मावशी पन्नास पाकिटं बांधत बसेल.

यावर दोन गोष्टी सहीच्या मजकुरात घालतात. पहिली, वेळ. वूकॉमर्स पंधरा मिनिटांपलीकडची रिक्वेस्ट परत पाठवतं. दुसरी, नॉन्स : दर खेपेला नवी, यादृच्छिक अक्षरमाला, शक्यतो ३२ अक्षरांची. एकदा वापरलेला नॉन्स सर्व्हर लिहून ठेवतो आणि पुन्हा दिसला की हाकलतो.

दोन्ही का लागतात? नुसती वेळ असेल तर त्या पंधरा मिनिटांत चोराला रान मोकळं. नुसता नॉन्स असेल तर सर्व्हरने जन्मभर सगळे नॉन्स लक्षात ठेवायचे. दोन्ही एकत्र आले की सर्व्हरला फक्त पंधरा मिनिटांची वही ठेवावी लागते, कारण त्याहून जुनं वेळेवरूनच बाद होतं.

आपल्याकडची एक खास चूक सांगून ठेवतो. ही वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, आणि ते सगळ्या जगात एकच असतात, ग्रीनिचच्या हिशेबाने. काही जण भारतीय वेळ म्हणून त्यात साडेपाच तास मिळवतात. साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद, आणि मुभा ९०० सेकंदांची. रिक्वेस्ट भविष्यातून आल्यासारखी दिसते आणि बाद होते.

एवढं वाचून ही सही म्हणजे अभेद्य तटबंदी वाटली असेल, तर तिचं भगदाड दाखवतो. ओऑथ १.०ए मध्ये सही होते ती क्रियापदावर, पत्त्यावर आणि परिमाणांवर. जेसन म्हणून जो मजकूर रिक्वेस्टच्या पोटात जातो, त्यावर नाही. म्हणजे ‘अमुक मसाल्याचा भाव बदला’ या पाकिटावर सही आहे, पण आतल्या ‘नवा भाव ४५०’ या चिठ्ठीवर नाही. उघड्या रस्त्यावर कुणी ती चिठ्ठी बदलून ४५ केली तरी सही खरीच ठरते. शिवाय सही काही लपवत नाही. गिऱ्हाइकांचे पत्ते उघडेच जातात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : ही पद्धत समजून घ्या, कारण ती विचार करायला शिकवते, पण खऱ्या दुकानासाठी वापरू नका. एचटीटीपीएस लावा आणि बेसिक वापरा. थोरामोठ्यांचाही प्रवास त्याच दिशेने झालाय. अ‍ॅमेझॉनच्या विक्रेत्यांसाठीच्या एपीआयमध्ये प्रत्येक रिक्वेस्टवर किचकट सही लागायची. २०२३च्या ऑक्टोबरात ती अट काढून टाकली. आता तिथे तासाभरात विझणारं टोकन दाखवलं की पुरतं.

टोकन दाखवणं म्हणजे पुन्हा पहिलंच घराणं. ओऑथ २.० ने २०१२ मध्ये हाच रस्ता धरला : सही नको, नळीवर भरवसा ठेवा, टोकन ज्याच्या हातात त्याला आत सोडा. बसच्या पासावर नाव नसेल तर जो दाखवेल त्याचा पास, तसं. त्या मानकाचे प्रमुख संपादक एरॅन हॅमर इतके वैतागले की त्यांनी मसुद्यावरून आपलं नाव काढून घेतलं. त्यांच्या तक्रारीत दम होता, पण जगाने सोपं तेच उचललं. शॉपिफाय या ऑनलाइन दुकानांच्या दुसऱ्या सेवेवरही अ‍ॅप आधी दुकानदाराकडून परवानगी घेतं, ‘मला ऑर्डरी वाचायच्यात, साठा बदलायचाय’ अशी यादी दाखवून, आणि मग मिळालेलं टोकन दर रिक्वेस्टला दाखवतं.

गुपित कुठे सांडतं

नळी भक्कम असली की चोरी वाटेत होत नाही, दोन टोकांना होते. यातलं एक टोक मी स्वतः भोगलंय.

माझ्या एका गिऱ्हाइकाचं दुकान एका स्वस्त होस्टिंगवर होतं. बेसिक पद्धतीने सगळं बरोबर पाठवत होतो, तरी उत्तर एकच : ‘कन्झ्युमर की मिसिंग’. की तर चिकटवलेली होती! शेवटी कळलं की त्या सर्व्हरची रचनाच अशी होती की ऑथरायझेशन हेडर पीएचपीपर्यंत, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिथपर्यंत, पोचायच्या आधीच गळून पडे. राखणदाराच्या हाती पाकीट येईपर्यंत कपाळावरचं तिकीट कुणीतरी सोलून काढलेलं. वूकॉमर्सची कागदपत्रं यावर तोडगा देतात : दोन्ही किल्ल्या पत्त्यातच, प्रश्नचिन्हानंतर, लिहून पाठवा. मी तेच केलं. चाललं. खूश झालो.

आठवड्याने सर्व्हरचा लॉग उघडला तर प्रत्येक ओळीत ‘सीके’ आणि ‘सीएस’ ठळक छापलेले. पत्ता नळीतूनच जातो, वाटेत कुणाला दिसत नाही हे खरं. पण पोचल्यावर सर्व्हर तो वहीत उतरवतो, वहीच्या बॅकअप प्रती निघतात, त्या कुणाकुणाच्या हाती असतात. खरा उपाय एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक नियम घालून हेडर पुढे पोचवणं हा होता. एका ओळीचं काम, आणि मी सोपी पळवाट धरली होती. किल्ल्या रद्द करून नव्या काढल्या.

दुसरी सांडण्याची जागा म्हणजे मोबाइल अ‍ॅप आणि वेबपानातली जावास्क्रिप्ट. गिऱ्हाइकाच्या फोनवर जे जातं ते गिऱ्हाइकाला वाचता येतं. त्यात ‘सीएस’ ठेवणं म्हणजे उंबऱ्यावर किल्ली ठेवून वर पायपुसणं टाकणं. टोपली, चेकआउट अशा गिऱ्हाइकाच्या कामांसाठी वूकॉमर्सचं वेगळं स्टोअर एपीआय आहे, त्याला या किल्ल्या लागतच नाहीत.

आणि तिसरी जागा, अर्थातच, व्हॉट्सअ‍ॅप. मेसेज वाटेत कुणी वाचत नाही, पण तो त्या मुलाच्या फोनवर राहतो, त्याच्या बॅकअपमध्ये राहतो, तो पुढे ‘सर, ही घ्या की’ म्हणून ग्रुपवर टाकतो. नोकरी सोडताना फोन घेऊन जातो.

माणसाला मधून काढायची सोय वूकॉमर्समध्ये आहेच. कुरिअरच्या सॉफ्टवेअरने दुकानाच्या ठरावीक पत्त्यावर मावशीला पाठवायचं. तिला तिच्याच दुकानाच्या पानावर दिसतं की अमुक अ‍ॅपला वाचायची परवानगी हवी आहे. ती ‘अप्रूव्ह’ दाबते. किल्ल्या दुकानाच्या सर्व्हरवर तयार होतात आणि थेट कुरिअरच्या सर्व्हरवर जातात, तेही एचटीटीपीएसनेच. मावशीला त्या दिसतही नाहीत. दिसल्या नाहीत तर व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार कशा?

हाताने काढलेल्या किल्ल्याही एकदाच दिसतात. डेटाबेसमध्ये ‘सीके’ची फक्त पूड ठेवलेली असते, आणि ओळखायला शेवटची सात अक्षरं. ‘सीएस’ मात्र तिथे उघडंच असतं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला धक्का बसला होता, पण कारण वर येऊन गेलंय : सही ताडायला सर्व्हरला स्वतः कांडावं लागतं आणि पुडीची पुन्हा तीच पूड होत नाही, अख्खं गुपितच लागतं. सिद्ध करणाऱ्या घराण्याची ही किंमत आहे. तिथे दोन्ही पक्षांना गुपित जपावं लागतं.

परवानग्यांचं थोडक्यात. किल्लीला तीनच दर्जे : वाचणं, लिहिणं, दोन्ही. ‘फक्त ऑर्डरी, बाकी नको’ असं वूकॉमर्सची किल्ली सांगू शकत नाही. ती ज्या वापरकर्त्याच्या नावाने काढली त्याच्या अधिकारांपुरती चालते, म्हणून प्रत्येक बाहेरच्या यंत्रासाठी वेगळा, कमी अधिकारांचा वापरकर्ता काढणं शहाणपणाचं. मावशीने अर्थातच स्वतःच्या, म्हणजे सर्वाधिकारी नावाने आणि ‘दोन्ही’ दर्जाची काढली होती. कुरिअरच्या मुलाला मसाल्याचे भाव बदलायचं काय कारण?

दुकान जेव्हा स्वतः हाक मारतं

दर दहा मिनिटांनी येऊन विचारण्यापेक्षा ऑर्डर पडताच दुकानानेच कळवलं तर बरं. त्याला वेबहुक म्हणतात, आणि इथे पारडं उलटं होतं. आता कुरिअरच्या सर्व्हरने ओळखायचं की हाक खरंच मावशीच्या दुकानातून आली. वेबहुकचा पत्ता फुटला तर कुणीही खोटी ऑर्डर ढकलून मसाल्याचं पाकीट आपल्या घरी मागवेल.

इथे सही पुन्हा उपयोगी पडते, आणि या वेळी अख्ख्या चिठ्ठीवर. वूकॉमर्स मजकुराचा एचमॅक काढून हेडरमध्ये पाठवतं. रेझरपेसारखी पेमेंटची यंत्रणाही ‘पैसे आले’ कळवताना एचमॅकचीच सही करते. ताडणाऱ्याने एक पथ्य पाळायचं : आलेला मजकूर उलगडण्याआधी, जसाच्या तसा कांडायचा. आधी जेसन उलगडून, परत बांधून कांडलं तर फसलात. गिऱ्हाइकाचं नाव ‘सुलभा’ असेल तर पीएचपी एरवी त्यातलं प्रत्येक देवनागरी अक्षर संकेतांकात लिहितं आणि जावास्क्रिप्ट ते थेट देवनागरीत लिहितं. अर्थ एक, अक्षरं वेगळी, पूड वेगळी.

आणि दोन पुडी ताडताना साधं ‘सारखं आहे का’ वापरू नये. ते पहिल्या चुकलेल्या अक्षराला थांबतं, म्हणजे जितकी अक्षरं बरोबर तितका क्षणभर जास्त वेळ. आकड्यांच्या कुलपाला कान लावून खटका ऐकावा तसं कुणी तो वेळ मोजू शकतं. पीएचपीत यासाठी खास फंक्शन आहे, ते दर वेळी शेवटपर्यंत तपासतं.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर मावशी म्हणाली, “मग आता आधीच्या कुणाकुणाला दिल्यात त्या तरी बघ.” किल्ल्यांची यादी उघडली. चार निघाल्या. प्रत्येकीपुढे शेवटची सात अक्षरं, दर्जा, आणि ती शेवटची कधी वापरली त्याची तारीख. त्यातल्या दोन किल्ल्या वर्षभर नुसत्या पडून होत्या, त्या काढून टाकल्या. एक कुरिअरची नवी. चौथीचं नाव होतं ‘टेस्ट’, दर्जा ‘दोन्ही’, आणि ती त्याच दिवशी पहाटे वापरलेली.

“ही कुणाची?”

मावशीला आठवेना. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाला फोन केला, त्यालाही आठवेना. रद्द केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला जीएसटीचं बघणाऱ्या सीएंच्या ऑफिसातून फोन आला. कालची विक्री दिसत नाहीये, म्हणाले.